पंख्याची चूल: चौदा महिने वापरून झाल्यावर जसं आहे तसं

बेळगावात रविवार पेठेतल्या एका दुकानातनं चौदा महिन्यांपूर्वी आईसाठी लाकडावरची पंख्याची चूल घेतली, ती स्टीलच्या डब्यासारखी असते बघा, खाली छोटा फॅन, बाजूला बॅटरी, सोबत चार्जर. साडेचार हजार रुपये गेले. कंपनीचं आणि दुकानाचं नाव लिहीत नाही. आमच्या जांबोटी भागातले लोक सारखे विचारतात "घेऊ काय रे", प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच लिहितो, लांब झालं तरी वाचा.

घेतली का ते आधी. आईचा खोकला दोन पावसाळे झाले जाईना. बेळगावला डॉक्टरांनी नळीत जोरात फुंकायला लावून टेस्ट केली आणि पहिलाच प्रश्न, बिडी ओढता काय? आई माझ्या तोंडाकडे बघायला लागली, तिनं आयुष्यात मिश्रीसुद्धा लावलेली नाही. मग दुसरा प्रश्न, स्वयंपाक कशावर करता. चुलीवर म्हटल्यावर डॉक्टर म्हणाले हा धुराचा दमा, फुप्फुसाचं जे गेलं ते परत येत नाही, आता पुढचं वाचवायचं. येताना बसमध्ये आई एवढंच बोलली, "मग काय जेवण करायचं सोडू?" मला त्या रात्री झोप आली नाही.

मी उद्यमबागेत फौंड्रीत काम करतो त्यामुळे चूल बघितल्याबरोबर डोक्यात बसली. आमची कपोला भट्टी ब्लोअरशिवाय लोखंड वितळवत नाही, तसंच हे. लाकूड तापलं की आधी त्यातनं गॅस निघतो, तो गॅस पेटला की जाळ आणि न पेटता निसटला की धूर, एवढंच गणित आहे. उघड्या चुलीत तो गॅस वर जाता जाता थंड होतो आणि अर्धवट जळून आईच्या नाकात जातो. ह्या चुलीत फॅनची थोडी हवा खालनं लाकडाला लागते आणि बाकीची दोन पत्र्यांच्या मधनं तापत वर येऊन भोकांच्या रिंगणातनं आत घुसते, तिथं गॅस आणि गरम हवा घुसळून निघतात आणि जळतात. नीट पेटली की वरनं बघा, रिंगणातनं बारीक बारीक ज्योती आतल्या बाजूला वळलेल्या दिसतात आणि धूर जवळजवळ दिसतच नाही. पहिल्या दिवशी मी दहा मिनिटं नुसता बघत बसलो होतो. आपल्या भारतीय मानकात (आयएस १३१५२, २०१३ चं) बिनपंख्याच्या चुलीला कमीत कमी २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीला ३५ टक्के कार्यक्षमता लागते, म्हणजे लाकडाच्या उष्णतेतला निदान तेवढा भाग भांड्यात गेला पाहिजे. लाकडाचं म्हणाल तर आम्ही ताणकाट्यावर आठवडाभर वजन केलं, आधी दिवसाला पाच-साडेपाच किलो लागायचं ते सगळं ह्या चुलीवर केलेल्या दिवशी तीनवर आलं. त्यात शंका नाही.

धुराचं मोजमाप भाच्यानं केलं. तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टसाठी त्यानं धूळ मोजायचा साधा सेन्सर लावून डबा केलाय, तो आईच्या बसायच्या जागेला नाकाच्या उंचीवर दोरीनं टांगला. जुन्या चुलीला मीटर ९९९ दाखवून थांबला, त्याच्या पुढं त्याला मोजताच येत नाही. पंख्याच्या चुलीला पेटवताना पाच-सहा मिनिटं तेवढाच, मग दोनशेच्या आसपास. गॅसला पन्नास. हे स्वस्तातलं मीटर आहे, लॅबचं नाही, म्हणून आकडे अंदाजानंच घ्या. तरी तुलनेला सांगतो, बारीक कणांसाठी (पीएम २.५) चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा आपल्याकडं घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ ला स्वतःची मर्यादा १५ वर आणली. म्हणजे दोनशे हे ९९९ पेक्षा कितीतरी बरं, खरं चांगलं म्हणायला अजून लांब आहे.

आता तक्रारी. पहिला महिना आई खूश होती, भांडी काळी होईनात, डोळे चुरचुरेनात. मग हळूहळू जुन्या चुलीत जाळ दिसायला लागला. मी शनिवारी गावाकडं गेलो की बघायचो, नवी चूल कोपऱ्यात पुसून ठेवलेली आणि आई फुंकणी घेऊन जुन्या चुलीपुढं. चिडलो एकदा. आई म्हणाली, "धूर कमी झालाय खरं भाकरी होईना झालीय, तूच करून बघ."

करून बघितली. आणि आईचं शंभर टक्के खरं आहे. आमच्यात नाचण्याची नाहीतर जोंधळ्याची भाकरी तव्यावर दोन्ही बाजू झाल्या की चुलीच्या तोंडाला निखाऱ्यांसमोर उभी करतात, तिथं ती फुगते. ह्या चुलीला तोंडच नाही, सगळं वरनं. भाकरी शेकायची तर तवा उतरवा, जाळावर धरा, तोवर करपते. लाकूड पण वरनंच घालायचं, म्हणजे भात शिजत असताना दर आठ-दहा मिनिटांनी भांडं उचला, दोन तुकडे टाका, भांडं परत ठेवा, चौसष्ट वर्षांच्या बाईला पाच माणसांच्या भाताचं गरम पातेलं सारखं उचलायला लावणं हे कुठल्या डिझायनरनं ठरवलं मला कळत नाही. तुकडे बोटाएवढेच लागतात, कोयत्यानं ढलप्या पाडत बसायचं, आधी अख्खं लाकूड चुलीत सारून आई दुसरी कामं करायची, आता रोजचा अर्धा तास त्यातच जातो आणि तो अर्धा तास आईचाच जातो, माझा नाही. मागच्या वैलावर दूध मंद तापत राहायचं, डाळ शिजत राहायची, तेही गेलं. आणि आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, जूनपासून लाकूड ओलं, ओल्या लाकडाला ही चूल जुन्या चुलीपेक्षा जास्त धुमसते.

ऑगस्टमध्ये फॅन बंद पडला. ओल आणि राख दोन्ही आत गेलेली, बेअरिंग जाम. दुकानदार म्हणाला कंपनीला पाठवावं लागेल, सहा आठवडे चूल तिकडंच. गॅरंटीत होती, पैसे घेतले नाहीत, खरं सहा आठवडे आई परत धुरात. दुसऱ्यांदा बंद पडली तेव्हा मी पाठवलीच नाही, मोबाईल रिपेअरवाल्याकडनं तसलाच फॅन आणून सोल्डर केला, दीडशे रुपयांत काम झालं. हे प्रत्येकाला कसं जमणार?

मला वाटत होतं आमच्याच घरात असं झालं. मग भाच्यानं प्रोजेक्टसाठी जमवलेले पेपर समजावून सांगितले आणि मी थक्क झालो. आफ्रिकेत मलावी देशात असल्याच पंख्याच्या चुली दोन-दोन घराघरात दिल्या, सोबत चार्जिंगला सोलर पॅनेल, १५० वस्त्या आणि १०,७५० लहान मुलं धरून दोन वर्षं अभ्यास केला, २०१६ ला लॅन्सेट ह्या वैद्यकीय मासिकात आला. मुलांच्या न्यूमोनियात फरक पडला नाही. लॅबमध्ये चांगली ठरलेली चूल, फुकट मिळालेली, तरीसुद्धा. ओडिशातला हॅना, दुफ्लो आणि ग्रीनस्टोन ह्या अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास तर आपल्याच देशातला, धुराड्याच्या मातीच्या चुली दिल्या, चार वर्षं घरं बघितली. पहिल्या वर्षी धूर कमी, मग लोकांनी वापर कमी केला, डागडुजी कोणी केली नाही, शेवटी फुप्फुसात आणि जळणात काहीच फरक नाही. ह्या दुफ्लो बाईंना पुढं २०१९ ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. वाचताना मला आमच्या शेजारच्या काकूंकडची सरकारी बिनधुराची चूल आठवली, मी शाळेत होतो, नळी काजळीनं तुंबली आणि पुढच्या पावसाळ्यात काकांनी ती फोडून टाकली. चुली सुधारायचा तो केंद्राचा कार्यक्रम ऐंशीच्या दशकात सुरू झाला आणि २००२ ला बंद पडला.

आणि कर्नाटकात हे काम नवीन नाही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अमूल्य रेड्डींनी १९७४ ला अस्त्र नावाचा गट सुरू केला, खेड्याला लागणाऱ्या तंत्रज्ञानासाठी, त्यातनंच तीन भांड्यांची अस्त्र ओले आली. कन्नडमध्ये ओले म्हणजे चूलच. म्हणजे एका जाळावर भात, डाळ आणि पाणी एकदम, जशी आपली बाई खरोखर स्वयंपाक करते तसं. माझी ह्या पंख्याच्या चुलीबद्दलची मुख्य तक्रार हीच आहे की हिच्या जाळाचा विचार झालाय, भाकरी करणाऱ्या हाताचा झालेला नाही.

मग गॅसच का नाही, असं कोणी म्हणेल. गॅस आहे की घरात. चहा, पाहुणे, रात्रीची भाजी गॅसवर. संशोधक ह्याला स्टोव्ह स्टॅकिंग म्हणतात, नवी चूल आली की जुनी जात नाही, दोन्ही चालतात, आणि जुनी जेवढा वेळ चालते तेवढा धूर राहतोच. हेपिन नावाचा मोठा अभ्यास झाला, तमिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा मिळून सुमारे ३२०० गरोदर बायका, अर्ध्यांना गॅस फुकट आणि घरपोच. त्यांनी जवळजवळ सगळा स्वयंपाक गॅसवर केला आणि त्यांच्या श्वासातले कण दुसऱ्या गटाच्या ७० च्या तुलनेत २४ पर्यंत खाली आले. बाळाच्या वजनात मात्र म्हणावा तसा फरक दिसला नाही, हेही त्याच अभ्यासातलं, लपवायचं कशाला. माझ्या कामाचं त्यातनं एवढंच की सिलिंडर वेळेवर आणि परवडणारा असेल तर बायका गॅस वापरतात, सवयीचं कारण त्यांच्या माथी मारायचं नाही.

आम्ही आता काय केलंय ते सांगतो. पंख्याची चूल न्हाणीच्या बाजूला पडवीत नेली. आंघोळीचं पाणी आणि भात तिच्यावर, ते काम ती झकास करते, आणि लाकडं मी शनिवारी येऊन आठवड्याची फोडून पोत्यात भरतो. भाकरी जुन्याच चुलीवर, खरं चुलीवरची दोन मंगळुरी कौलं काढून तिथं पत्र्याचं धुराडं बसवलं, ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्यानं केलं, अठराशे रुपये. मीटर परत टांगला. ९९९ वरून साडेतीनशे, आणि ते पण भाकरीच्या पाऊण तासापुरतं. बाकी सगळं गॅसवर, त्याचा वर्षाला एक-दोन जादा सिलिंडरचा खर्च मी आणि भावानं वाटून घेतलाय. खोकला थांबलेला नाही, रात्रीचा मात्र कमी आहे.

पाचपैकी तीन स्टार देतो. जळण विकत घेत असाल, पाणी तापवायचं असेल, चहाचा गाडा असेल तर बिनधास्त घ्या, पैसे सुटतात. आईच्या भाकरीसाठी घेत असाल तर आधी ते पैसे धुराड्यात घाला. विकत घेताना दुकानदाराला फॅन खोलून दाखवायला सांगा, चार स्क्रूनं निघणारा असेल तरच घ्या, रिबेट मारलेला असेल तर नको. पावसाळ्यात जमिनीवर ठेवू नका, दोन विटांवर ठेवा. बॅटरी महिन्यातनं एकदा तरी पूर्ण चार्ज करा नाहीतर बसते.

गेल्या आठवड्यात आईचा फोन आला, "पंखा आवाज करालाय, शनिवारी येताना एक घेऊन ये, आणि एक जास्तीचा पण आण."