चोर बाजारात देवादिकांची जुनी कार्डं घेताना: आधी पाठ बघा

मुंबईच्या चोर बाजारातली मटण स्ट्रीट म्हटलं की ग्रामोफोन, झुंबरं आणि सिनेमाची पोस्टरं डोळ्यांपुढे येतात. पण जुनी छापील देवचित्रं, त्यातही हातात मावणारी पोस्टकार्डं आणि लेबलं हवी असतील, तर हा रस्ता मनापासून सुचवावा असा आहे. माल खरा मिळतो. त्याच्या शेजारीच नवा मालही तितक्याच जुनाट चेहऱ्याने मांडलेला असतो, म्हणून तयारीने जावं लागतं.

ग्रँट रोडला उतरून पूर्वेकडून चालत जाता येतं. दुकानं शुक्रवारी बंद असतात, मात्र शुक्रवारी पहाटे रस्त्यावरच पथारी पसरून बाजार भरतो. कार्डांसाठी पथारीपेक्षा दुकानं बरी. पथारीवर अंधारात टॉर्चच्या उजेडात छपाई पारखता येत नाही आणि कागद दवाने मऊ पडलेला असतो. दुकानातही कार्डं दर्शनी लावलेली नसतात. ती बुटांच्या खोक्यात नाहीतर जुन्या अल्बममध्ये मागे असतात, मागितल्याशिवाय बाहेर येत नाहीत. ‘रविवर्मा’ म्हणून मागितलंत तर कुठलंही जुनं देवाचं चित्र पुढे येईल, इतका तो शब्द इथे सैल झाला आहे. ‘देवांची पोस्टकार्डं’ म्हणून मागा.

राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. चित्रं शिळाछापाची, म्हणजे प्रत्येक रंगाला वेगळा दगड. हे लक्षात ठेवलं की भिंगाचं काम सोपं होतं. दहा पट मोठं दाखवणारं भिंग देवीच्या गालावर धरा. शिळाछापात बारीक ठिपके दिसतात, पण ते वेडेवाकडे, कुठे दाट कुठे विरळ, हाताने टिंबं दिल्यासारखे, आणि रंग एकमेकांवर चढलेले. साडीच्या काठाशी एखादा रंग केसभर बाहेर सरकलेला दिसला तर आनंद माना, कारण दगड नीट जुळला नाही की असंच होतं. ठिपके जाळीसारखे एका शिस्तीत असतील तर ती शिळाछपाई नव्हे, बहुधा पुढच्या काळातली ऑफसेट छपाई. आणि कोऱ्या आकाशातही रंगीत भुकटी शिंपडल्यासारखी दिसली, तर ते घरगुती प्रिंटरवर काढलेलं कार्ड आहे. ते खाली ठेवा.

पण भिंगाच्याही आधी कार्ड उलटं करा. पाठ फसवत नाही, निदान पुढच्या बाजूइतकी तरी नाही. अगदी सुरुवातीच्या चित्र-पोस्टकार्डांची सगळी पाठ पत्त्यासाठी राखलेली असे आणि मजकूर चित्राच्या कडेला कोंबून लिहावा लागे. मधोमध उभी रेघ, डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता ही मांडणी १९०२ नंतरची. तिकीट असेल तर काम आणखी सोपं. त्यावरचा राजा एडवर्ड की पंचम जॉर्ज, यावरून काळ ओळखता येतो, आणि देशातल्या देशात गेलेल्या कार्डावर पाव आण्याचं तिकीट असेल तर ते सहसा १९२२ पूर्वीचं, कारण त्या वर्षी कार्डाचा दर अर्धा आणा झाला. शिक्क्याचा अर्धा भाग तिकिटावर आणि अर्धा कागदावर सलग उतरलाय ना, तेही पाहा. नसेल तर तिकीट नंतर चिकटवलेलं असू शकतं.

बरेच संग्राहक न वापरलेलं कोरं कार्ड शोधतात. आमचं मत उलट आहे. पाठीवर मोडीतल्या चार ओळी, खुशालीचा मजकूर आणि गावाचा शिक्का असलेलं कार्ड, कोपरे झिजले असले तरी आधी घ्यावं. त्याचा काळ त्याच्याच अंगावर लिहिलेला असतो.

दुसरा चांगला माल म्हणजे कापडाच्या ताग्यांवरची लेबलं. मँचेस्टरच्या कापडावर लक्ष्मी, कृष्ण, गणपती चिकटून इथे येत. सोनेरी शाई आणि कधी उठावाची छपाई ही त्यांची खूण. इथेही पाठ बघा: वाळलेल्या डिंकाचा पिवळसर, तडकलेला थर हवा. कापडावरून ओढून काढलेल्या लेबलाची पाठ सोललेली असते, अशाची किंमत पाडून मागा.

जरतार आणि टिकल्या शिवलेली तसबीर दिसली तर फ्रेम उघडून दाखवायला सांगा. हे शिवणकाम बायका घरी करत असत. मागे दोऱ्याच्या गाठी आणि काळवंडलेली जरतार दिसायला हवी. चकचकीत प्लास्टिकच्या टिकल्या किंवा मागे गोंदाचे ठिपके असतील तर सजावट अलीकडची आहे. फ्रेम उघडायला जो दुकानदार नाही म्हणतो, त्याच्याकडून घेऊ नये.

चहाच्या पाण्यात बुडवून जुनं केलेलं कार्ड ओळखायला सोपं. दोन्ही बाजू एकसारख्या तपकिरी असतात आणि फाटलेल्या कडेच्या आतही तोच रंग. खरा जुना कागद कडांना जास्त करपतो, चौकटीखाली झाकलेल्या भागात उजळ राहतो. जवळ अल्ट्राव्हायोलेट टॉर्च असेल तर सावलीत टाकून बघा. साधारण १९५० नंतरचा बराचसा कागद निळसर-पांढरा चमकतो, त्याआधीचा मंदच राहतो.

गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, मात्र इथून घेऊ नका. दशावतारी जोडात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी १२० पानं लागतात. सुटी गोल पानं सापडतात, पण वेगवेगळ्या जोडांतली पानं एका डब्यात भरून पूर्ण जोड म्हणून विकली जातात. पानांचा व्यास, जाडी आणि पाठीवरच्या लाखेचा रंग जुळतो का हे १२० वेळा बघावं लागतं. सावंतवाडीच्या राजघराण्याने ही कला मरता मरता पुन्हा उभी केली, त्यामुळे नवा, प्रामाणिक जोड हवा असेल तर तिथल्या राजवाड्यातूनच घ्यावा.

भाव एकेका कार्डाचा विचारू नका. आठ-दहा कार्डं बाजूला काढा आणि गड्डीचा भाव करा. सगळ्यात आवडलेलं कार्ड मधे ठेवा, वर नाही. टाचणीची भोकं, कसर लागून कुरतडलेली कड, तांबूस ठिपके हे दोष भाव करतानाच बोटाने दाखवा. पावसाळ्यात खरेदी टाळा, ओलसर गड्डी घरी येईपर्यंत एकमेकांना चिकटते.

घरी आल्यावर मऊ, कोरड्या कुंचल्याने धूळ झाडायची, बस्स. ओला बोळा फिरवला की कागद फुगतो आणि शाई पुसट होऊ शकते. लॅमिनेशन तर कधीच नको, ते परत निघत नाही. अल्बममध्ये चिकटलेलं कार्ड ओढू नका, अल्बमचं पान मागून कापून कार्डासकट ठेवा. पिशवी पारदर्शक पॉलिस्टर फिल्मची घ्या, मऊ पीव्हीसीची नको, ती काही वर्षांत चिकट होऊन शाई उचलते. मागे आम्लमुक्त पुठ्ठा, डब्यात सिलिका जेलची पुडी, आणि पुडी ओलावली की बदलायची.

परदेशातल्या नातेवाइकांसाठी घेणार असाल तर शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू त्या वयाची वाटली तर ती पुरावस्तू नसल्याचा दाखला आधी पुरातत्त्व खात्याकडून घ्या, विमानतळावर जाऊन विचारू नका.