किनाऱ्यावर वापरलेली पिकअप: तक्रार एकच, अर्थची वायर

इंजिन किती सीसीचं, टॉर्क किती, हे तुम्हाला पाठ असेलच. डबल कॅब, डिझेल, फोर बाय फोर, एवढं पुरे. गाडी घेतल्यापासून बहुतेक प्रवास समुद्राच्या कडेकडेनेच झालाय आणि मला बोलायचंय ते एका हातभर वायरीबद्दल. इंजिन ब्लॉकवरून चेसिसला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) जाणारी अर्थची वायर, म्हणजे इंजिनाकडून करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी.

आधी चांगलं सांगतो. मागे सामान भरलं की गाडी रस्त्याला मस्त बसते. रिकामी असली की मागून उडते, पण मागे पाट्यांची स्प्रिंग म्हटली की ते आलंच. भुसभुशीत वाळूत टायरची हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवून लो रेंज (फोर बाय फोरचा कमी वेगाचा, जास्त जोराचा गिअर) लावला की कुरकुर न करता निघते. (डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा पुन्हा भरा. कमी हवेवर वेगात पळवलं तर टायर तापून फाटतो.) डिझेलही बेताचंच पिते. तेव्हाच लिहायला बसलो असतो तर डोळे झाकून घ्या म्हणालो असतो.

मग लांबच्या एका प्रवासात, मासळीच्या धक्क्यापाशी थोडं थांबून परत किल्ली फिरवली, तर सेल्फची, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटरची, नुसती टकटक. हेडलाइट लख्ख, हॉर्न खणखणीत. मल्टीमीटर लावला तर बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. सर्व्हिस सेंटरला फोन केला. गाडी न बघताच उत्तर आलं, टोचन करून आणा, सेल्फ मोटर आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर दोन्ही बदलावे लागतील. दोन्ही! बॅटरी भरलेली आहे म्हटल्यावर अल्टरनेटर कशाला, याचं उत्तर फोनवर कुणाकडेच नव्हतं.

शेजारी मासळीचा ट्रक उभा होता. त्याच्या चालकाने टकटक ऐकली आणि खाली उतरला. "दादा, बॅटरीला काही झालं नाही. खाऱ्याने अर्थ खाल्लाय." जंप केबलचं एक टोक त्याने बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, दुसरं थेट इंजिनच्या उघड्या लोखंडाला. सेल्फ मारला आणि पहिल्या झटक्यात इंजिन सुरू.

खाली घुसून पाहिलं तर वायरीच्या थिंबलवर (बोल्टखाली बसणाऱ्या टोकाच्या कडीवर) हिरवा कळंक चढलेला. वरचं रबर सोललं तर आतल्या तारा काळ्या पडलेल्या, आणि चेसिसच्या बाजूला रंगाखालून गंज फुगून आलेला. डिझेल इंजिन फिरवताना सेल्फला २०० अँपिअरच्या आसपास करंट लागतो. तेवढ्या करंटला वाटेत फक्त ०.०२ ओहम आडवा आला तरी ४ व्होल्ट तिथेच जातात. सेल्फ कसा फिरणार? दिव्यांना करंट थोडा लागतो, शिवाय त्यांचा अर्थ बॉडीवर असतो, म्हणून ते लख्ख. वर आणखी एक धोका आहे. अर्थ तुटला की करंट गिअरच्या केबलमधूनही वाट काढतो आणि ती तापून खराब होते. तेव्हा टकटक ऐकू आली की पुन्हा पुन्हा सेल्फ मारत बसू नका.

समुद्राच्या पाण्यात साधारण ३.५ टक्के क्षार असतात. पाणी वाळतं, मीठ मागे राहतं, आणि हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की तेच मीठ पुन्हा पाणी ओढून घेतं. गाडी नुसती उभी असली तरी सांधा ओलाच. तिथे तांबं आणि लोखंड एकमेकांना चिकटलेले, त्यात लोखंड आधी झिजतं. अशा ठिकाणी, चाकाचे शिंतोडे थेट उडतील इतक्या खाली, उघडी थिंबल, ग्रीसचं बोटही नाही! जाहिरातीत हीच गाडी लाटांतून धावताना दाखवायची आणि तक्रार नेली की "खाऱ्या हवेचा परिणाम वॉरंटीत येत नाही" म्हणायचं, हे मला अजिबात मान्य नाही.

सर्व्हिस सेंटरमध्ये मी अडून बसलो. आधी व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वायरीत किती व्होल्ट वाया जातात ते, माझ्यासमोर मोजा, मग पार्ट बदला. मोजायला काही लागत नाही. मल्टीमीटरची एक पिन इंजिन ब्लॉकवर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थ खराब. इथे तो ३ च्या पुढे गेला. जॉब कार्डवरचे सेल्फ आणि अल्टरनेटर तिथल्या तिथे खोडले गेले.

नवी वायर बसल्यावर इंजिन असं चटकन उचलतं की गाडीवरचा राग बराच उतरला. यंत्र उत्तम आहे, जोडणी निष्काळजी आहे. मी आता ब्लॉकच्या वरच्या अंगाने बॉडीला दुसरी जाड वायर टाकून घेतलीय. रंग काचपेपरने लोखंडापर्यंत घासून, बोल्ट आवळून, मग वरून ग्रीस. किनाऱ्यावरून आलं की खालून गोड्या पाण्याने धुतो, पण प्रेशरचा फवारा कनेक्टरवर मारत नाही.

घेणार असाल तर घ्या, पण ताब्यात घेतानाच गाडी लिफ्टवर चढवून ती वायर दाखवायला सांगा. माझ्याकडून वायरीचे पैसे घेतले नाहीत, मजुरीचे मात्र घेतले. ते परत मिळावेत म्हणून कंपनीला लेखी तक्रार केलीय आणि पाठपुरावा चालू आहे.