‘समीर’ ॲप: आकडा वाचण्याआधी चोवीस तासांचं गणित समजून घ्या

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ ॲप हवा किती प्रदूषित आहे ते सांगतं. ते फुकट आहे आणि त्यातला आकडा, म्हणजे हवा गुणवत्ता निर्देशांक, सरकारी केंद्रांवरच्या यंत्रांमधून येतो. बाजारातल्या स्वस्त सेन्सरपेक्षा तो जास्त भरवशाचा. ते सेन्सर हवेतल्या बारीक कणांवरून विखुरणारा प्रकाश मोजतात. हवा दमट झाली की कण पाणी शोषून फुगतात आणि आकडा उगाच चढतो. कोकणपट्टीत राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पण ‘समीर’चा आकडा दर तासाला बदलतो, त्यामुळे तो आत्ताच्या हवेचा आहे असं वाटतं. तसं नाही. ती मागच्या २४ तासांची सरासरी असते (कार्बन मोनॉक्साइड आणि ओझोनसाठी ८ तासांची). लक्ष्मीपूजनाची रात्र घ्या. दिवसभर पीएम २.५ (अडीच मायक्रॉनपर्यंतचे अतिबारीक कण) घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम आहे आणि फटाक्यांच्या दोन तासांत तो ५०० वर गेला, असं धरू. सरासरी येते साधारण ८८, म्हणजे निर्देशांक १९० च्या आसपास आणि शेरा ‘मध्यम’! त्या दोन तासांत गॅलरीत बसलेल्या दमेकऱ्याच्या छातीचं काय झालं, ते ह्या शेऱ्यात कुठेच दिसत नाही. उलटही होतं: दुसऱ्या दिवशी दुपारी हवा निवळलेली असते आणि आकडा मात्र चढलेलाच राहतो.

ॲपमधल्या शेऱ्यांवर आणि त्यांच्या रंगांवरही विसंबू नका. निर्देशांक १०० पर्यंत ‘समाधानकारक’, म्हणजे पीएम २.५ ची २४ तासांची सरासरी ६० पर्यंत. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा आहे १५. फोनमधलं एखादं परदेशी ॲप त्याच हवेला दीडशेच्या पुढचा आकडा देतं, ते ह्याचमुळे: ते अमेरिकेची मोजपट्टी लावतं. दोन्ही ॲप आपापल्या जागी बरोबर असतात, फक्त त्यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघू नयेत.

शहराचा एकच आकडा तर बघूच नये. मुंबईचा आकडा अनेक केंद्रांची सरासरी असतो. कचराभूमीजवळचं देवनार आणि समुद्राकाठचं कुलाबा एका मापाने कसे मोजणार? आपल्या जवळचं केंद्र निवडा आणि मुख्य प्रदूषक कोणता ते बघा. पीएम १० (दहा मायक्रॉनपर्यंतचे कण) असेल तर बहुधा रस्त्याची किंवा बांधकामाची धूळ, पीएम २.५ असेल तर धूर, जळण, वाहनं. बारीक कण थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, त्यामुळे तिथे कापडी रुमाल कुचकामी. नाकावर घट्ट बसणारा एन-९५ मास्कच हवा. केंद्राचा आकडाच आला नाही तर यंत्र बंद असेल किंवा २४ पैकी किमान १६ तासांची नोंद भरली नसेल. त्याचा अर्थ हवा स्वच्छ आहे असा काढू नका.

सकाळी फिरायला जायचं की नाही हे ठरवायला मंडळाच्याच केंद्रीय नियंत्रण कक्षाची वेबसाइट उघडा. तिथे राज्य, शहर, केंद्र निवडून पीएम २.५ घ्या आणि सरासरीचा कालावधी १ तास ठेवा. हिवाळ्यात थंड हवेचा थर जमिनीलगत अडकून पडतो, म्हणून पहाटेपेक्षा दुपारचे तास बहुतेकदा बरे निघतात. ‘समीर’मधून कचरा जाळण्यासारख्या तक्रारीही करता येतात.

दिल्लीत ‘ग्रॅप’चे (हवा बिघडेल तसे टप्प्याटप्प्याने कडक होणारे) निर्बंध लागू होतात ते ह्याच निर्देशांकावर. धोरणासाठी चोवीस तासांची सरासरी योग्यच आहे. पण दमेकरी, गरोदर बाया आणि लहान मुलांचे आईबाप ॲप उघडतात ते पुढच्या तासासाठी. मंडळाने पहिल्याच पडद्यावर गेल्या तासाचा पीएम २.५ मायक्रोग्रॅममध्ये दाखवावा. नोंदी त्यांच्याकडे आहेतच.