पोलिसात जायचंय: आधी पदवी की थेट प्रशिक्षण?

थेट अकादमीत गेलात तर कायदा, कवायत, शस्त्र, अटकेची पद्धत काही महिन्यांत शिकून होते. अमेरिकेत हे मूलभूत प्रशिक्षण सरासरी ८०० तासांच्या आसपास असतं. पगारही लवकर सुरू होतो. पण या घाईत मानसशास्त्र मागे पडतं, आणि लिहिणंही. जबाब नीट नोंदवला नसेल तर चांगला तपासही कोर्टात कोसळतो. मला हाच मुद्दा सर्वांत मोठा वाटतो.

पदवीला वर्षं आणि पैसा जातो, वर अकादमी चुकत नाहीच. नॉर्वेत मात्र ३ वर्षांची पदवी हेच पोलीस प्रशिक्षण, त्यातलं मधलं वर्ष प्रत्यक्ष कामावर. अशी सोय नसेल तरी मी पदवीच्या बाजूने. घरची निकड असेल तर आधी भरती व्हा, पदवी नोकरी करता करता घ्या.