डिझेल पिकअपने नेमकं किती ओढावं? नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

नऊ महिन्यांत गाडी चौदा हजार किलोमीटर चालली. त्यातली निम्म्याहून जास्त धाव मागे ट्रेलर लावून झाली. ट्रेलरवर १,६०० किलोचं छोटं एक्स्कॅव्हेटर असतं. जास्तीच्या बकेट आणि साखळ्या मिळून १५० किलो, ट्रेलर स्वतः ६५० किलो. सगळं मिळून २,४०० किलो. गाडी घेताना माहितीपत्रकात ‘ओढण्याची क्षमता ३,५०० किलो’ असं वाचलं होतं. तेव्हा वाटलं, अजून ११०० किलोची सोय आहे, चिंता नाही. तिसऱ्या आठवड्यात वजनकाट्यावर कळलं की मागचा एक्सल मर्यादेच्या ३० किलो वर आहे. हे कसं झालं ते सविस्तर लिहितोय, कारण ट्रेलर ओढणारे बरेच जण अजून फक्त त्या ३,५०० च्या आकड्यावर विसंबून आहेत.

आधी इंजिनाबद्दल, कारण सगळे पहिल्यांदा तेच विचारतात. ओढीला तोड नाही. दीड-दोन हजार आरपीएमलाच पूर्ण जोर येतो, चढावर थांबून पुन्हा निघतानाही गाडी गुरगुरत नाही. उंचावर हवा विरळ होते तिथे टर्बोमुळे दम बऱ्यापैकी टिकतो. पण डिझेलचं हेच बळ चालकाला अंधारात ठेवतं. मर्यादेपेक्षा जास्त वजन लावलं तरी इंजिन सहज खेचतं आणि सीटवर बसून काहीच जाणवत नाही. एक्सल, पाटे (स्प्रिंग), टायर, ब्रेक यांच्यावर काय बेततंय ते इंजिन सांगत नाही. ते वजनकाटाच सांगतो.

माझ्या गाडीचे आकडे असे. रिकामं वजन, टाकी भरून, २,१८० किलो. माणसं-सामानासकट गाडीची कमाल मर्यादा, म्हणजे जीव्हीडब्ल्यू, ३,२०० किलो. गाडी आणि ट्रेलर मिळून कमाल मर्यादा, म्हणजे जीसीडब्ल्यू, ५,९५० किलो. मागच्या एक्सलवर कमाल १,८५० किलो आणि हिचच्या (ट्रेलर जोडायच्या मागच्या जोडणीच्या) बॉलवर उभा भार कमाल ३५० किलो. यातले काही आकडे दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर असतात, काही हँडबुकात, काही हिचवरच्या पाटीवर. सगळे एका ठिकाणी कधीच मिळत नाहीत, म्हणून मी ते एका कागदावर उतरवून सनव्हायझरमागे ठेवले आहेत.

आता बेरीज बघा. भरलेली गाडी ३,२०० आणि ट्रेलर ३,५००, मिळून ६,७००. जीसीडब्ल्यूपेक्षा हे ७५० किलो जास्त. म्हणजे दोन्ही कमाल आकडे एकाच वेळी वापरता येतच नाहीत. ३,५०० ओढायचं तर गाडीच्या वाट्याला उरतात २,४५०. माझं वजन ८०, हौद्यावरचं झाकण ६०, हिच ३५, हत्यारांच्या पेट्या १०५. हे धरून मी एकटा बसलो तरी माझी गाडी २,४६० किलो भरते. माहितीपत्रकातला आकडा खोटा नाही, पण माझी गाडी त्या आकड्यापर्यंत एकदाही पोचू शकत नाही.

हे आकडे काढण्याची एक रीत ठरलेली आहे. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेचं ‘J2807’ नावाचं मानक आहे. त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या सुमारे १८ किलोमीटरच्या चढावर, एसी चालू ठेवून, ठरावीक वेग टिकवावा लागतो. पण त्यात गाडीत चालक आणि एक प्रवासी, प्रत्येकी ६८ किलोचे, एवढेच धरलेले असतात. चौघं बसलेली, पेट्यांनी भरलेली गाडी त्या हिशेबात नाही. शिवाय सगळ्या कंपन्या सगळ्या देशांत हेच मानक पाळतात असंही नाही.

माझ्यासोबत तिघं असतात, हौद्यात आणखी ९५ किलो सामान. काट्यावर ट्रेलरशिवाय गाडी भरली २,७८०: पुढचा एक्सल १,३३०, मागचा १,४५०. मग ट्रेलर जोडून फक्त गाडीची चाकं काट्यावर घेतली, ट्रेलरची चाकं बाहेर. आकडा आला ३,०९०. फरक ३१० किलो, तोच बॉलवरचा भार. ट्रेलरच्या वजनाच्या १३ टक्के. दहा ते पंधरा टक्के हे सर्वसाधारण प्रमाण, त्यात बसतं. बॉलची ३५० ची मर्यादा, जीव्हीडब्ल्यू, जीसीडब्ल्यू, सगळ्यात बसतं. काटा चालवणाऱ्याला विनंती करून एक्सल वेगवेगळे घेतले तेव्हा मात्र मागचा १,८८० निघाला आणि पुढचा १,२१०.

१,४५० मध्ये ३१० मिळवले तर १,७६० व्हायला हवेत. वरचे १२० किलो कुठून आले? बॉल मागच्या एक्सलच्याही मागे असतो. माझ्या गाडीत १.२ मीटर मागे, आणि दोन एक्सलमधलं अंतर ३.२ मीटर. त्यामुळे बॉलवरचा भार मागचा भाग दाबतो आणि पुढचा उचलतो, तरफेसारखा. बॉलवरच्या दर १०० किलोमागे मागच्या एक्सलवर साधारण १३७ किलो येतात आणि पुढून ३७ कमी होतात. काटा दहा-दहा किलोच्या टप्प्यांत दाखवतो, तेवढा फरक सोडला तर हिशेब बरोबर जुळतो. पुढचा एक्सल हलका होणं हीही काळजीची गोष्ट आहे, कारण स्टिअरिंग आणि ब्रेकचा मोठा भार त्याच चाकांवर असतो. ओल्या रस्त्यावर वळताना पुढची चाकं जराशी पुढे सरकल्यासारखी वाटायची, त्याचं कारण मला त्या दिवशी समजलं.

यानंतर माझ्याकडून एक चूक झाली. बॉलवरचा भार कमी करायचा म्हणून यंत्र ट्रेलरवर ३५ सेंटिमीटर मागे घेतलं, अंदाजाने, पुन्हा काट्यावर न जाता. ताशी ८५ किलोमीटरला, बाजूने एक मोठी बस गेल्यावर, ट्रेलर डोलायला लागला. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. मागे बसलेला माझा सहकारी ओरडला, “दादा, ब्रेक मारू नका!” त्याने पूर्वी हे अनुभवलं होतं. मी ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं आणि हाताच्या कंट्रोलरने फक्त ट्रेलरचे ब्रेक हलके लावले. काही सेकंदांत ट्रेलर शांत झाला. तेवढ्या सेकंदांत आम्ही चौघं आणि शेजारच्या लेनमधली माणसं यांचं काय झालं असतं, हा विचार अजून मनातून गेलेला नाही.

काट्यावर परत गेलो तर बॉलवर फक्त १५० किलो होते, म्हणजे सहा टक्के. माझ्या ट्रेलरला बॉलपासून चाकांच्या मध्यापर्यंत साडेतीन मीटर अंतर आहे. १,६०० किलोचं यंत्र एक सेंटिमीटर सरकलं की बॉलवर साधारण साडेचार किलोंचा फरक पडतो. मग यंत्र २० सेंटिमीटर पुढे घेतलं. बॉलवर २४०, बरोबर दहा टक्के. मागचा एक्सल १,७८०, पुढचा १,२४०. मूळ जागेपासून यंत्र फक्त १५ सेंटिमीटर मागे आलं, वीतभरही नाही, आणि १०० किलो मागच्या एक्सलवरून उतरले. ट्रेलरच्या तळावर तिथे पांढऱ्या रंगाची रेघ मारली आहे. यंत्र चढवणारा कोणीही असो, यंत्राच्या साखळीपट्ट्यांचं मागचं टोक त्या रेघेवर थांबलं पाहिजे.

याच काळात एका दुकानदाराने मागच्या पाट्यांवर एअर बॅग, म्हणजे गाडीचा मागचा भाग उचलून धरणाऱ्या हवेच्या पिशव्या, बसवायचा सल्ला दिला. ‘मग बिनधास्त भरा,’ असं तो म्हणाला. मी बसवल्या. गाडीचा मागचा भाग सरळ दिसायला लागला, दिवे पुन्हा रस्त्यावर पडायला लागले. पण दाराच्या पट्टीवरचा १,८५० चा आकडा बदलला नाही, कारण एक्सल, बेअरिंग, चाकं आणि चासी तीच आहेत. काट्यावर वजनही तेच आलं. उलट गाडी दबलेली दिसत नाही, त्यामुळे जास्त भार डोळ्यांना कळतच नाही. हवी असेल त्याने जरूर बसवावी, पण ती बसवली म्हणून एक किलोही जास्त धरू नये.

ब्रेकचा विचार मी ओढीपेक्षा जास्त करतो. गाडी एकटी २,७८०, जोडून ५,१८०. त्याच वेगाला थांबवायची ऊर्जा जवळजवळ दुप्पट. ८० वरून १०० वर गेलात तर त्यात आणखी ५६ टक्क्यांची भर. ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक नीट चालले नाहीत तर हे सगळं गाडीच्या ब्रेकवर येतं. दर फेरीआधी मी मोकळ्या जागेत ताशी तीसला हाताच्या लिव्हरने फक्त ट्रेलरचे ब्रेक दाबून बघतो. चाकं घसरण्याच्या जरा अलीकडे धरावेत, इतपत कंट्रोलर लावतो. रिकामा ट्रेलर असेल तेव्हा कंट्रोलरचा आकडा वेगळा.

उतारावर डिझेल पेट्रोलसारखी आपसूक अडत नाही, कारण हवा रोखणारा थ्रॉटल त्या अर्थाने काम करत नाही. एग्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धुराची वाट अडवून इंजिनाकरवी गाडी रोखणारी सोय, असेल तर मोठा आधार मिळतो. माझ्या गाडीत आहे, आणि पुन्हा गाडी घेताना मी ओढीच्या आकड्याआधी तो आहे का हे विचारीन. उतार सुरू व्हायच्या आधीच गिअर खाली घ्यावा. अर्ध्या उतारावर ब्रेक तापल्यावर घेऊन फार उपयोग नाही.

बाकी थोडक्यात. टायरवर ११२ लोड इंडेक्स आहे, म्हणजे प्रत्येकी १,१२० किलो, जोडीला २,२४०. टायर आडवे येत नाहीत, फक्त हवा गार टायरमध्ये, पूर्ण भाराची. लिटरला साडेदहा मिळतं ते ट्रेलर लावून साडेसहावर येतं. गिअरबॉक्सचं ऑइल हँडबुकातल्या अवजड कामाच्या वेळापत्रकाने बदलतो. लांब चढानंतर इंजिन बंद करण्याआधी दोन मिनिटं चालू ठेवतो, टर्बोसाठी. धूर गाळणारा डीपीएफ मात्र ओढकामात खूश असतो, शहरातल्या छोट्या फेऱ्यांमध्येच त्रास देतो.

आता १,९०० किलोचं यंत्र घ्यायचं चाललंय. ट्रेलर २,७०० होईल. माहितीपत्रकाप्रमाणे अजून ८०० किलो शिल्लक, जीसीडब्ल्यूप्रमाणे ४७०. पण बॉलवर दहा टक्के धरले तर मागचा एक्सल १,८२१ वर जातो आणि अकरा टक्के झाले की १,८५८. दहा आणि अकरा टक्क्यांमध्ये यंत्राच्या जागेचा फरक आहे फक्त ५ सेंटिमीटर. दहाच्या खाली उतरलं की डोलण्याचा धोका. पहाटे, पावसात, घाईत यंत्र चढवताना ५ सेंटिमीटरचा नेम रोज साधेल अशी खात्री मी सोबत्यांना देऊ शकत नाही. ते यंत्र घेतलंच तर पेट्या आणि दोन माणसं दुसऱ्या गाडीने जातील, आणि पहिली फेरी थेट काट्यापर्यंतच.