पांढऱ्या ब्लॉकचं घर: एक पावसाळा, एक थंडी

लेहमध्ये दोन हिवाळे काढलेल्या माणसाने खानापूर तालुक्यातल्या थंडीची तक्रार करू नये, असं आमच्या घरी ऐकवलं जातं. पण तिथे बराकीत बुखारी, म्हणजे खोली तापवायची शेगडी, असायची. इथे जांबोटीकडच्या जुन्या चिऱ्याच्या घरात डिसेंबरच्या पहाटे चुलीपाशी बसायला नातवंडांची भांडणं. म्हणून नवं घर काढलं तेव्हा फरशी-बिरशी बायकोवर सोपवली आणि भिंत मी घेतली.

चिरा, खानापूरची भाजकी वीट की एएसी, म्हणजे हवेने फुगवलेला हलका सिमेंटचा ब्लॉक, असा प्रश्न होता. बेळगावात उद्यमबागेकडच्या एका दुकानदाराने चौथाच पर्याय काढला: ब्लॉकच्या आतून ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंचा कापूस, आणि त्यावर जिप्सम बोर्ड. नको म्हटलं. लेहला भिंतीत पफचा, म्हणजे थंडी अडवणाऱ्या फोमचा, जाड थर असायचा, कारण बाहेर उणे वीस. आमच्याकडे पारा दहाच्या खाली क्वचित जातो, आणि जून ते सप्टेंबर हवा एवढी ओली की कपाटातल्या बेल्टवर बुरशी धरते. त्या हवेत बोर्डामागे ओल शिरली की ग्लासवूलची ऊब ओल्या गोधडीएवढी. शिवाय आत काय कुजतंय ते दिसणारही नाही.

शेवटी ब्लॉक घेतले. बाहेरून आठ इंची, आतल्या भिंतींना चार इंची. राख, चुना, सिमेंट यांच्या काल्यात चिमूटभर ॲल्युमिनियमची पूड घालतात. वायू सुटून ते इडलीच्या पिठासारखं फुगतं, मग वाफेच्या दाबाखाली पक्कं करतात. त्या बारीक पोकळ्यांत अडकलेली हवाच थंडी-ऊन अडवते. दोन फूट लांबीचा आठ इंची ब्लॉक म्हणजे साधारण बारा विटा, पण कोरडा असला तर एकटा माणूस आरामात उचलतो.

खरी गोष्ट पुढेच आहे. आमचा गवंडी विटेतला माणूस. पहिल्या दिवशी त्याने सवयीने पाइप लावून ब्लॉक भिजवायला घेतले. मी ओरडलो, तर म्हणतो, "मामा, पाणी नाही मारलं तर भिंत धरंल कशी?" ब्लॉकला वरून नुसता ओला ब्रश पुरतो. सांधा खास मसाल्याचा, तीन मिलिमीटरचा. याने खालचे दोन थर वाळू-सिमेंटचे बोटभर जाड घातले होते. ते काढायला लावले. जाड सांध्यातूनच गारवा आत येतो, मग ब्लॉकचे पैसे कशाला मोजायचे? कॉलमच्या कडेला जाळी मारून गिलावा करा, हे मात्र मलाच उशिरा कळलं. हॉलमध्ये उभी चीर आहे, पाहुणे तिथेच बघतात.

माझी मोठी चूक पश्चिमेची भिंत. मजूर भाताच्या लावणीला गेले, बाहेरचा गिलावा गणपतीनंतर करू म्हटलं. आमच्याकडचा पाऊस आडवा येतो. ऑगस्टमध्ये ती भिंत आतून हाताला गार आणि ओली लागायची, आणि ओला ब्लॉक उबेच्या कामाचा नाही. दिवाळीपर्यंत वाळला, पण आतल्या गिलाव्यावर नकाशे राहिले. जोतं जांभ्या दगडाचं केलं, हे एक बरं झालं. जमिनीलगत हा ब्लॉक लावू नका.

आता थंडीचं. जानेवारीत एका पहाटे बाहेर 12 अंश, जुन्या घराच्या माजघरात 16, नव्या खोलीत 20. यात जुन्या कौलांच्या फटींचाही वाटा आहे, सगळं श्रेय ब्लॉकला देत नाही. एप्रिलमध्ये उलट: भिंती गार आणि वरून स्लॅब तापलेला. स्लॅबवर काही केलं नाही तर नुसत्या भिंतीने भागत नाही.

आणि खिळा धरत नाही. साधा खिळा ठोकून टांगलेला देव्हारा तिसऱ्या दिवशी आईच्या पायाशी आला. ती अजून म्हणते, "बिस्किटाचं घर बांधलास की रे." या ब्लॉकसाठी वेगळे प्लग मिळतात, ते घ्या.

ब्लॉकला पाचात साडेतीन गुण. अर्धा गेला हॉलमधल्या चिरेपायी, एक पश्चिमेच्या भिंतीपायी. ही दोन्ही पापं ब्लॉकची नाहीत, पण घरात मीच राहतो. धाकट्या भावाचं जोतं यंदा झालंय. त्याला सांगितलंय, पश्चिमेला गिलावा मेच्या आत, मग लावणी असो की लग्न.