हर्णैचे मासे पुण्यापर्यंत: आइसबॉक्सचा सात महिन्यांचा अनुभव

नोव्हेंबरात आम्ही चौघांनी मिळून ५० लिटरचा आइसबॉक्स घेतला. कॉलेजपासूनचे मित्र, आता कोथरूड, चिंचवड, कात्रज, हडपसर असे पांगलेले. ‘भेटू रे एकदा’ म्हणत दोन-दोन वर्षं जायची. मग ठरवलं, दर दीड-दोन महिन्यांनी एक शनिवार-रविवार दापोलीच्या किनाऱ्यावर काढायचाच. साडेसहा हजारांचे चार वाटे केले. आतापर्यंत चार फेऱ्या झाल्या, त्यातली शेवटची मे महिन्यातली.

राहतो कर्द्याला. दुपारी समुद्रावर गार पाणी, कोकम, कापलेलं कलिंगड एवढ्यासाठी साधा थर्माकोलचा खोकाही चालतो. आम्हाला बॉक्स हवा होता तो हर्णैच्या मासळीसाठी. संध्याकाळी बंदरावर लिलाव असतो. होड्या थोड्या आत उभ्या राहतात, मासळी बैलगाड्यांतून वाळूवर येते आणि तिथेच ढीग मांडून बोली लागते. समोर सुवर्णदुर्ग, पायाखाली ओली वाळू. चौघेही सुरमईच्या ढिगाभोवती उकिडवे बसून भाव ऐकत असतो. माझ्यासाठी सगळ्या सहलीतला हा सर्वांत आनंदाचा तास.

तिथून पुण्याला मंडणगड, आंबेत, माणगाव, ताम्हिणी अशा रस्त्याने जवळपास २०० किमी. थांबत-थांबत सहा तास लागतात. शनिवारी संध्याकाळी घेतलेला मासा रविवारी रात्री घरी शिजायचा, म्हणजे चोवीस तासांहून जास्त. कंपनी ‘पाच दिवस बर्फ टिकतो’ म्हणते. आम्हाला डिसेंबरात जेमतेम तीन दिवस मिळाले, मे महिन्यात दोन. आमच्या कामाला ते पुरतं, पण पाच दिवसांवर भरवसा ठेवून कुणी घेऊ नये.

गारवा टिकतो तो बॉक्सइतकाच भरण्याच्या पद्धतीमुळे. आदल्या रात्री गोठवलेल्या दोन बाटल्या आत ठेवून झाकण लावा. नाहीतर तापलेल्या भिंतीच पहिला बर्फ खातात. बाटल्या काठोकाठ भरू नका, पाणी गोठताना फुगतं. लादीचा मोठा तुकडा तळाशी आणि फोडलेला बर्फ माशाभोवती. एक किलो बर्फ वितळताना साधारण ८० किलोकॅलरी उष्णता ओढून घेतो, वितळल्यावर त्याचं पाणी मात्र एका अंशाला एकच किलोकॅलरी. म्हणून बर्फ शिल्लक आहे तोवरच खरा गारवा. आम्ही माशाच्या वजनाइतका बर्फ घेतो. कल्ले-आतडी तिथेच काढून घ्यायची, पण तुकडे करायचे नाहीत. तळाला स्टीलची जाळी ठेवून खालची तोटी दर दोन तासांनी उघडायची, कारण पाण्यात पडून राहिलेला मासा पिळपिळीत होतो आणि चवही जाते.

दुसऱ्या फेरीत आम्ही पाण्याच्या बाटल्या आणि बांगडे एकाच बॉक्समध्ये ठेवले. वाटेत दर अर्ध्या तासाने झाकण उघडलं गेलं. घरी पोचेपर्यंत बर्फ संपला होता. बांगडे वासाला ठीक वाटले म्हणून तळले आणि हडपसरच्या मित्राचा चेहरा लालबुंद झाला, अंगावर चट्टे उठले, रात्री दवाखान्यात न्यावं लागलं. बांगडा, सुरमई, कुपा (ट्यूना) या माशांचा गारवा सुटला की त्यांत हिस्टामीन नावाचं त्रासदायक द्रव्य तयार होतं, आणि ते शिजवूनही जात नाही. वास येईलच असंही नाही. तेव्हापासून पिण्याच्या पाण्याला वेगळी पिशवी, आणि मासळीच्या बॉक्सचं झाकण फक्त तोटी उघडताना, आत तपासायला, उघडायचं.

तक्रारी दोन. एका बाजूची कडी चौथ्या महिन्यात तुटली आणि बदली मिळायला तीन आठवडे लागले. झाकणाच्या रबराच्या खाचेत काळी बुरशी धरते. व्हिनेगर आणि जुन्या टूथब्रशने घासावी लागते. वास मात्र जातो. खाण्याचा सोडा लावून धुवा आणि झाकण उघडं ठेवून सावलीत वाळवा. भरलेला बॉक्स एकट्याने उचलायचा विचार करू नका.

तरीही आम्ही तो पुन्हा घेऊ, आणि त्याचं कारण रविवारची रात्र आहे. सगळ्यांची घरची माणसं कात्रजला जमतात. मित्राची आई मूळची आंजर्ल्याची. गुडघ्यांमुळे तिला गाडीत एवढा वेळ बसवत नाही, गावी जाऊन सात वर्षं झाली. बॉक्स ओट्याजवळ ठेवला की ती स्टूल ओढून बसते. सुरमईच्या पाठीवर अंगठा दाबते, खड्डा राहत नाही ना बघते, बोटं नाकाशी नेते आणि म्हणते, “कालचाच आहे रे. संध्याकाळचा.” मग मसाला तीच लावते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

१ जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, त्यामुळे बॉक्स आता नारळी पौर्णिमेपर्यंत माझ्या गॅलरीत आहे. पुढच्या वेळी तिने तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, मागितल्यात. त्या जिवंत आणाव्या लागतात, वितळलेल्या बर्फाच्या गोड्या पाण्यात मरतात. म्हणून बर्फाच्या वर बसेल अशी उंच जाळी आणि ओलं गोणपाट, एवढं तेवढं करून घ्यायचं आहे.